विंडोज दहा गेले, लॅपटॉप राहिला

२०२५ सालच्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० ची मुदत संपली. त्या दिवशी शेमिनी अत्सेरेथ होता. इस्राएलमध्ये त्याच दिवशी सिमखाथ तोरा, आणि गालूथमध्ये राहणाऱ्या आमच्यासारख्यांना दुसरा दिवसही सणाचाच. त्यामुळे एनस्खेडेतल्या आमच्या घरी लॅपटॉपचे झाकण दोन दिवस मिटलेलेच होते. तिसऱ्या दिवशी सकाळी धीर करून उघडले, तर तो नेहमीसारखा कुरकुरत, पाच मिनिटे घेऊन सुरू झाला. काहीही झालेले नव्हते.

हे मुद्दाम आधी सांगतो, कारण त्या आठवड्यात अश्दोद, लोद आणि ठाण्याहून मिळून आम्हाला सहा-सात फोन आले. प्रश्न एकच : "लॅपटॉप आता टाकून द्यायचा का?" एका मावसबहिणीने तर तो जुन्या साडीत गुंडाळून जिन्याखाली ठेवूनही दिला होता. त्या सर्वांना फोनवर तुटक तुटक जे सांगितले ते येथे नीट क्रमाने लिहितो.

मुदत संपली म्हणजे काय संपले? विंडोजसारख्या अवाढव्य रचनेत कुठे ना कुठे भोक सापडतच असते. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टचा गवंडी येऊन ती भोके बुजवून जात असे. आता तो येत नाही. घर पडलेले नाही, पण यापुढे जे भोक पडेल ते तसेच राहील, आणि चोरांना ते ठाऊक असेल. म्हणून घाबरायचे कारण नाही, पण वर्षानुवर्षे तसेच चालवत राहणेही बरे नाही. विशेषतः ज्यांचे बँकेचे व्यवहार त्याच यंत्रावर होतात त्यांनी.

ज्यांना एवढ्यात काहीच बदलायचे नाही त्यांच्यासाठी सोय आहे. हा गवंडी आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, बोलावता येतो. युरोपीय देशांत तो फुकट येतो. अट एवढीच की मायक्रोसॉफ्टचे खाते असावे आणि साठ दिवसांत एकदा तरी त्यात प्रवेश केलेला असावा. इस्राएलमध्ये किंवा भारतात असाल तर लॅपटॉपच्या सेटिंगची प्रत मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवू दिलीत तर पैसे पडत नाहीत, नाही तर तीस डॉलरच्या आसपास भरावे लागतात. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा दुवा दिसतो. तो दिसत नसेल तर आधी तुमचे विंडोज १० हे २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर आहे का ते पाहावे. नसेल तर आधी ते अपडेट पूर्ण करावे, मग दुवा येतो.

मग विंडोज ११ का नाही घालायचे? आमचीही पहिली हौस तीच होती. यंत्राने स्वच्छ नकार दिला. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा चालते, त्यात आमचा लॅपटॉप बसत होता. अडते ते दोन ठिकाणी. एक, टीपीएम २.० नावाची किल्ल्या सांभाळणारी लहानशी पेटी यंत्रात असावी लागते. दोन, प्रोसेसर साधारण २०१७-१८ नंतरचा लागतो. तुमचा कोणता हे ओळखणे सोपे आहे. सेटिंगमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडा. इंटेलचा असेल तर आय-३, आय-५ असे लिहून पुढे आडवी रेघ आणि चार आकडे असतील. त्यातला पहिला आकडा म्हणजे पिढी. ८२५० असेल तर आठवी पिढी, चालेल. आमचा निघाला ४२००, म्हणजे चौथी पिढी. २०१३ साली घेतलेला. बार मिट्झ्वा व्हायच्या वयाचा म्हणायला हरकत नाही, पण विंडोजच्या हिशेबी म्हातारा.

नातवाने एक चोरवाट सुचवली. ही तपासणी चुकवून विंडोज ११ जबरदस्तीने बसवता येते, हे खरे आहे. पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि फार जुन्या प्रोसेसरवर नव्या आवृत्त्या सुरूसुद्धा होत नाहीत. गवंडी यावा म्हणूनच सगळा खटाटोप. तोच येईल की नाही याची खात्री नसेल तर ती वाट आम्हाला पटली नाही. तरुणांनी करून पाहावे.

नवा लॅपटॉप घेणे हा सरळ मार्ग होता. परंतु प्रश्न फक्त पैशाचा नव्हता. त्या यंत्रात आमच्या आईने वयाच्या ८८ व्या वर्षी, मेंदीच्या रात्री म्हणायची गाणी म्हटलेली आहेत. मोबाइलवर घेतलेले अठरा तुकडे. नवगावच्या जुन्या कबरस्तानातल्या दगडांची छायाचित्रे आहेत. आणि वडिलांच्या कीर्तनाच्या वह्या थोरल्या भावाने १९९८ साली संगणकावर उतरवून काढल्या, त्या फाइली एका यंत्रातून दुसऱ्यात अशा करत करत शेवटी येथे येऊन राहिल्या आहेत. भाऊ आता नाही, वह्यांना वाळवी लागली. तेव्हा काहीही करताना या तिन्ही गोष्टींना धक्का लागता कामा नये, हे आधी ठरवले.

नेदरलँड्समध्ये रिपेअर कॅफे म्हणून एक छान प्रथा आहे. २००९ साली अॅमस्टरडॅममध्ये मार्टिने पोस्टमा या बाईंनी पहिला भरवला. आता देशभर गावोगाव भरतात. जाणते लोक फुकट बसतात, आपण बिघडलेली वस्तू घेऊन जायचे, आणि दुरुस्ती त्यांच्या शेजारी बसून बघायची. कॉफी मिळते. एनस्खेडे हे एके काळी कापडगिरण्यांचे गाव, त्यामुळे हाताला यंत्रांची सवय असलेले म्हातारे इथे पुष्कळ आहेत. आम्हाला मिळाले ते निवृत्त मेकॅनिक, वय आमच्याएवढेच. लॅपटॉप उघडण्याआधी त्यांनी विचारले, "तक्रार काय आहे?" आम्ही म्हटले, विंडोज संपले. ते म्हणाले, "ती बातमी झाली. तक्रार सांगा."

आम्ही सांगितले : फार हळू चालतो, आणि गेले काही महिने बँकेचे, बातम्यांचे कुठलेही पान उघडले की 'हे सुरक्षित नाही' असा लाल इशारा येतो. तो इशारा विंडोजची मुदत संपत आल्यामुळे येतो अशी आमची ठाम समजूत होती. त्यांनी कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवले. तारीख होती २०१३ सालची. आम्ही ती कित्येक वेळा पाहिली असेल, पण वाचली नव्हती.

कारण असे. लॅपटॉप बंद असतानाही आतले घड्याळ चालू राहावे म्हणून मदरबोर्डावर एक नाण्याएवढी बॅटरी असते. दहा-बारा वर्षांनी ती मरते. मग मुख्य बॅटरीही उतरली की यंत्र जन्मतारखेवर परत जाते. इकडे प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक दाखला असतो, त्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध' असे लिहिलेले असते. यंत्राला वाटते आज २०१३ आहे, दाखला तर २०२५ चा. ते म्हणते हा खोटा. दोन-तीन युरोंच्या बॅटरीचा दोष आम्ही विंडोजच्या माथी मारून बसलो होतो. तुमच्याकडे असा इशारा येत असेल तर पहिल्याने तारीख आणि साल वाचा.

हळूपणाचे कारणही दुसरेच निघाले. आतली जुनी फिरणारी हार्ड डिस्क झिजली होती; तिची तपासणी केल्यावर खराब जागा दिसल्या. अशा डिस्कवर कुठलीही नवी प्रणाली घातली तरी ती अर्ध्यात अडकणार. येथे त्या गृहस्थांनी जो सल्ला दिला तो या लेखातला सर्वांत मोलाचा आहे असे आम्ही समजतो : जुनी डिस्क पुसायचीच नाही. ती काढून पाकिटात घालून ठेवायची, तिच्या जागी नवी एसएसडी बसवायची, आणि नवी प्रणाली तिच्यावर घालायची. बिघडले तर जुनी परत लावता येते. २४० जीबीची एसएसडी आम्हाला पुरली. दुसऱ्या एका मेलेल्या लॅपटॉपातली ४ जीबी रॅम त्यांनी आमच्यात घातली, म्हणजे ८ झाली. या दोन गोष्टींनी जो फरक पडला तो कुठल्याही प्रणालीने पडला नसता.

डिस्क काढण्याआधी दोन कामे मात्र करावी लागतात. सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि प्रत घेतली म्हणून भागत नाही, त्यातल्या चार-सहा फाइली उघडून पाहाव्यात. दुसरे, विंडोजने डिस्कला कुलूप लावलेले नाही ना ते पाहावे. काही यंत्रांत बिटलॉकर नावाचे कुलूप आपल्याला न कळत लागलेले असते. ते असेल तर डिस्क दुसरीकडे उघडत नाही. ४८ आकडी किल्ली लागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, तेथून कागदावर उतरवून घ्यावी. आमच्याकडे कुलूप नव्हते.

प्रणाली निवडली लिनक्स मिंट, २२ वी मालिका. तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. फुकट आहे, आणि दिसायला विंडोजच्या जवळची : खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. लिनक्स १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केले, आणि तो ज्या प्रणालीवर शिकत होता ती मिनिक्स, अॅमस्टरडॅमच्या विद्यापीठात प्राध्यापक टॅननबाउम यांनी शिकवण्यासाठी लिहिलेली. एखाद्या शिक्षकाने वर्गासाठी केलेल्या कामातून काय काय निघते पाहा. असो.

मिंटची फाइल सुमारे तीन जीबीची असते. ती नुसती पेनड्राइव्हवर चिकटवून चालत नाही. रुफस किंवा बलेना एचर यासारख्या साधनाने 'लिहावी' लागते. मग लॅपटॉप सुरू करताना एक कळ दाबत राहून पेनड्राइव्हवरून सुरू करायचे. ही कळ कंपनीपरत्वे वेगळी : लेनोवो आणि डेलमध्ये बहुधा एफ १२, एचपीत एफ ९, एसुसमध्ये एस्केप. यादीत पेनड्राइव्हचे नाव दोनदा दिसले तर ज्याच्यापुढे यूईएफआय लिहिले आहे ते निवडावे. नाही तर सगळे नीट बसूनही शेवटी 'सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही' असा निरोप येण्याची शक्यता असते.

आमच्याकडे पहिल्या खेपेस पडदा काळा झाला आणि एक रेघ लुकलुकत राहिली. याची नेहमीची कारणे दोन. पडद्याच्या चिपशी जुळत नसेल तर मेनूमधला 'कंपॅटिबिलिटी मोड' निवडून सुटते. आमचे त्यानेही सुटले नाही. दुसरे कारण म्हणजे पेनड्राइव्हच खराब. आमचा कुठल्याशा लग्नात वाटलेला, वधूवरांची नावे छापलेला होता. नवा घेतला, उतरवलेल्या फाइलीची पडताळणी करून पुन्हा लिहिला, आणि मिंटचे हिरवे चिन्ह आले.

मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालते. डिस्कवर एक अक्षरही न लिहिता सगळे तपासता येते. ही परीक्षा सोडू नये. आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, कळफलक नीट आहे का, वाय-फाय सापडते का. आमचे वाय-फाय सापडले नाही. काही जुन्या वाय-फाय चिपांना वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि तो उतरवायला इंटरनेट लागते, म्हणजे विहिरीत उतरायला दोर हवा आणि दोर विहिरीत. उपाय सोपा निघाला : मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडून, मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचे.

प्रत्यक्ष बसवणे आम्ही घरी केले. आणि केले शुक्रवारी! डिसेंबरात इथे सूर्य साडेचारच्या आत मावळतो. बसवायला अर्धा तास लागला, म्हणून दोन वाजता आनंदाने अपडेट सुरू केली, ती संपेनात. अपडेट मध्येच तोडू नये, आणि दिवे लावायची वेळ थांबत नाही. शेवटी यंत्र, चार्जर आणि त्याला जोडलेला मोबाइल तसेच टेबलावर सोडले, वर टॉवेल टाकला आणि शब्बाथ लावला. आपल्या पूर्वजांनी शनिवारी घाणा बंद ठेवला, आमच्या टेबलावरचा चालू राहिला. हव्दाला झाल्यावर टॉवेल काढला तर 'पुन्हा सुरू करा' एवढा निरोप वाट पाहत होता.

बसवताना 'डिस्क पुसून मिंट घाला' हा पर्याय येतो. तो निवडण्याआधी प्रतींची बाहेरची डिस्क काढून दूर कपाटात ठेवावी. जोडलेली असेल तर ती पण यादीत दिसते, आणि नावे इतकी सारखी की आपल्याच प्रती पुसल्या जायच्या.

वाय-फायचा ड्रायव्हर मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून घातला. त्याने एक पासवर्ड ठरवायला सांगितला, आणि पुन्हा सुरू करताना निळा पडदा आला. निळा पडदा म्हणजे मरण अशी विंडोजची शिकवण, म्हणून आम्ही हात मागे घेतला आणि दहा सेकंदांत तो निघून गेला; वाय-फाय आले नाही. तो पडदा खरे तर विचारत होता, हा ड्रायव्हर तुम्हीच घातलात ना? तेव्हा कुठलीही कळ दाबून 'एनरोल मॉक' निवडायचे आणि तोच पासवर्ड द्यायचा. संधी हुकली तर बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केले तरी काम होते. आम्ही तेच केले.

आता ज्या चुकीची रात्रभर झोप लागली नाही ती. भावाच्या कीर्तनांच्या फाइली उघडल्या आणि पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा, स्वल्पविरामांचा आणि टोप्या घातलेल्या फ्रेंच अक्षरांचा कचरा. आईची गाणी वाजत होती, छायाचित्रे दिसत होती, आजचे मराठी उत्तम दिसत होते. फक्त १९९८ चे मराठी गेले होते.

गेले नव्हते. आज प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर मान्य असा स्वतःचा क्रमांक आहे. त्या पद्धतीला युनिकोड म्हणतात. त्या काळी मराठी टंकाचे सॉफ्टवेअर असा क्रमांक वापरत नसे. ते इंग्रजी अक्षराचाच क्रमांक साठवायचे आणि फॉन्टमध्ये त्या अक्षराच्या जागी 'क' किंवा काना असे चित्र ठेवायचे. फाइलीत मराठी नसतेच. मराठी असते ती फॉन्टमध्ये. फॉन्ट गेला की मुखवटा उतरतो. आम्ही सगळ्या फाइलींच्या प्रती घेतल्या होत्या, पण फॉन्ट विंडोजच्या पोटातल्या फोल्डरमध्ये राहिला होता. १८७४ साली पुण्यात छापलेली मराठी-हिब्रू हगादा आजही कोणीही उघडून वाचू शकतो, आणि आमची सत्तावीस वर्षांची फाइल वाचायला जमत नव्हती.

पाकिटातली जुनी डिस्क तेव्हा कामास आली. ती यूएसबी केबलने जोडली, सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फोल्डरात फॉन्ट्स नावाचे फोल्डर आहे त्यातून तो फॉन्ट उचलला, मिंटमध्ये त्यावर दोनदा क्लिक करून बसवला, आणि वडिलांचे एलियाहू हन्नाबीचे आख्यान पहिल्या ओळीपासून दिसू लागले. त्याच दिवशी सगळ्या फाइलींच्या पीडीएफ केल्या, कारण पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रे सोबत जातात. तुमच्याकडे १९९० च्या दशकातले किंवा त्यानंतरच्या काही वर्षांतले मराठी लेखन असेल तर यंत्र बदलण्याची वाट पाहू नका. आजच, जुन्या यंत्रावरच, पीडीएफ करा. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनेही आहेत, पण ती ऱ्हस्व वेलांटीवर आणि रफारावर ठेचकाळतात, कारण जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडात नंतर. बदलल्यावर मुद्रितशोधन करावेच लागते. आम्ही रोज दोन पाने करतो. जुन्या सवयीने लाल पेन घेऊन.

मराठी आणि हिब्रू दोन्ही लिहिणाऱ्यांसाठी दोन शब्द. कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आणि हिब्रू हे दोन्ही जोडता येतात, आणि ठरवलेल्या कळांनी बदलता येतात. लिबर ऑफिसमध्ये आधी पर्यायांत जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' वर खूण करावी, मग उजवीकडून डावीकडे लिहिण्याचे बटण दिसते. एक गोम मात्र आहे : हा कार्यक्रम मराठी आणि हिब्रू या दोघींना एकाच खणात टाकतो आणि दोघींना मिळून एकच फॉन्ट विचारतो. मराठीचा दिला की हिब्रू ओबडधोबड दिसते. म्हणून परिच्छेदाच्या दोन शैली कराव्यात, एक मराठीची, एक हिब्रूची, आणि प्रत्येकीला आपापला फॉन्ट द्यावा. हिब्रूसाठी कुल्मुस नावाचा मोफत संच आहे, त्यात डेव्हिड आणि फ्रँक-रूल या ओळखीच्या वळणाची अक्षरे मिळतात.

वॉट्सअॅपचे वेगळे सॉफ्टवेअर मिंटसाठी नाही, ते ब्राउझरमध्ये उघडावे लागते, झूमचे आहे. टाइमशिफ्ट नावाची सोय मिंटबरोबर येते, ती प्रणालीची प्रत ठेवते, तुमच्या छायाचित्रांची नाही. हा गैरसमज पुष्कळांचा होतो. आणि "तुमचे विंडोज संपले आहे, आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतो" असा फोन आला तर एक शब्दही न बोलता ठेवून द्यावा. मायक्रोसॉफ्ट असा आपण होऊन फोन करीत नाही. आम्हाला असा फोन आला तो मिंट घातल्यानंतर.

मावसबहिणीचा लॅपटॉप जिन्याखालून वर आला आहे. त्याचा आकडा ८२५० निघाला, तेव्हा तिने विंडोज ११ च घातले. आमचा स्कॅनर मात्र मिंटला अजून ओळख देत नाही. पुढच्या बुधवारी कॅफेत घेऊन जाणार आहोत.